ठेंगूंचा बंब

आमच्या टोळीने पहिला राक्षस मारला तो बंबाने. बंब म्हणजे पूर्वी घरोघरी आंघोळीचं पाणी ज्यात तापायचं तोच, तांब्याचा, मधल्या नळीत बंबफोड, म्हणजे बारीक फोडलेली लाकडं, घालून पेटवायचा. असले खेळ खेळणाऱ्या लोकांना जगभर तलवारी मिळतात, मुकुट मिळतात, अंगठ्या मिळतात, हे मला फार नंतर कळलं. आम्हाला बंब मिळाला आणि तो उचलून डोंगर चढावा लागला. याला जबाबदार मी, दुसरं कोणी नाही.

खेळ काय होता ते आधी सांगते, कारण त्या काळी नाशकात तो माझ्या माहितीप्रमाणे फक्त आमच्याच खोलीत चालायचा. एक जण गोष्ट सांगतो. बाकीचे त्या गोष्टीतली माणसं होतात. आपण आता काय करणार ते प्रत्येकाने तोंडाने सांगायचं आणि ते जमलं की फसलं ते फाशावर ठरायचं. आमचे फासे म्हणजे हाउजीतल्या एक ते वीस आकड्यांच्या सोंगट्या, आईच्या जुन्या ब्लाउजपिसाच्या पिशवीत घातलेल्या. हात घालायचा, सोंगटी काढायची. मोठा आकडा आला तर राक्षस मेला, छोटा आला तर आपण.

खेळाचं पुस्तक ड्राफ्ट्समनने आणलं होतं. हा आमच्या गल्लीतला, एका कारखान्यात नकाशे काढणारा, कानावर कायम पेन्सिल. त्याच्या अमेरिकेतल्या चुलतभावाने त्याला अर्ध्या पुस्तकाची झेरॉक्स पाठवली होती. दुसरी माझी शाळेपासूनची मैत्रीण, मुलींच्या शाळेत पीटीची बाई. तिचा आवाज मैदानावर तयार झालेला, खोलीत मावायचा नाही. तिसरा होमिओपॅथीच्या शेवटच्या वर्षाला होता आणि गोष्टीतही वैद्यच व्हायचा. कुणाचा हात तुटला तरी हा चार गोळ्या जिभेखाली ठेवायला सांगायचा. आणि मी गोष्ट सांगणारी. मी इंग्रजी घेऊन बीए केलं होतं म्हणून, असं सगळे म्हणायचे. खरं कारण असं की शेवटचा शब्द दुसऱ्या कुणाचा असणं मला तेव्हाही खपत नव्हतं, आजही खपत नाही. नियम म्हणजे नियम. होमिओपॅथ एकदा आकडा न दाखवताच सोंगटी परत पिशवीत टाकायला निघाला, तर मी त्याच्या वैद्याला तीन रविवार बेशुद्ध ठेवला होता. बिचारा येऊन पोहे खाऊन जायचा.

तर एका रविवारी सकाळी ही मंडळी ठेंगूंच्या गुहेत पोचली. ठेंगू म्हणजे डोंगराच्या पोटात राहून धातूकाम करणारी बुटकी जमात. पहिल्यांदा मी बुटके म्हणत होते, पण होमिओपॅथची स्वतःची उंची पाच फुटांच्या आतबाहेर असल्याने त्याला ते लागायचं. ठेंगू त्याने चालवून घेतलं, का ते त्यालाच माहीत. गुहेचं दार उघडलं, आत खजिना, आणि तिघं माझ्याकडे बघायला लागले. मी पान उलटलं. वर लिहिलं होतं, ठेंगूंचे दंतकथेतले संच. खाली नियम होता की संचातली एक वस्तू हाती आली तर थोडी शक्ती मिळते, दोन आल्या तर जास्त, आणि सगळ्या एका जागी आल्या तर. तिथे पान संपलं. पुढची पानं त्या भल्या चुलतभावाने झेरॉक्सच केली नव्हती. नंतर आम्ही त्याला पत्र घातलं, दीड महिन्याने उत्तर आलं, त्यात त्याच्या मोटारीचा फोटो होता.

तिघं वाट बघत होते. गोष्ट सांगणाऱ्याने अडखळायचं नसतं, म्हणून मी खोलीभर नजर फिरवली आणि ती जाऊन बसली होमिओपॅथच्या बुडाखाली. तो आमच्या घंगाळावर बसला होता. आंघोळीचं पाणी विसणायचं मोठं तांब्याचं घंगाळ, दोन्ही बाजूंना कड्या, आमच्याकडे वर्षानुवर्षं पालथं पडलेलं, पाहुण्याला बसायला.

"संच चार वस्तूंचा आहे," मी गंभीरपणे म्हटलं. "बंब, घंगाळ, हंडा आणि तांब्या."

कुणी हसलं नाही. हसलं असतं तर मी त्यालाही बेशुद्ध केलं असतं.

शक्ती मी तिथल्या तिथे ठरवल्या. बंब पेटवला की तोटीतून उकळतं पाणी आणि नळीतून ज्वाळा, समोरचा भाजून निघालाच पाहिजे. घंगाळ पालथं घातलं की त्याखाली चार माणसं बसतील आणि वरून दगडांचा पाऊस पडला तरी आत नुसता आवाज येईल. हंड्यातलं पाणी कधी आटणार नाही. तांब्याने डोक्यावर पाणी ओतलं की कसलाही शाप धुतला जाईल. आणि चारही एका जागी आणून पहाटे जो आंघोळ करील, त्याला त्या दिवशी डोंगरसुद्धा वाट देईल.

या शेवटच्या नियमाने पुढचे दोन रविवार खाल्ले. पहिली आंघोळ कोणाची यावर भांडण. पीटीची बाई म्हणाली, मी पुढे राहून लढते, मी आधी. होमिओपॅथ म्हणाला, वैद्य स्वच्छ हवा. ड्राफ्ट्समनचं म्हणणं, बंब चालवतो कोण, मी, तेव्हा पाणी उरेल तर तुम्ही. तो घरून बंबाचा नकाशाच काढून घेऊन आला होता, वरून आणि बाजूने, मापांसकट. ज्या खेळात माणसाला काहीही होता येतं, त्यात ही तीन मोठी माणसं आपापल्या घरातल्या सकाळी साडेसातच्या भांडणातच अडकून बसली होती.

त्या भांडणातला एक शब्द आतल्या खोलीत बाबांपर्यंत पोचला.

माझे वडील तांबट. जन्मभर तांबं ठोकलं आणि तांब्याने त्यांचे कान घेतले. तोवर स्टीलने धंदाही घेतला होता. भांडी बाजारातल्या एका दुकानात ते जुन्या भांड्यांचे पोचे काढत आणि रविवारी घरी बसून कुणाशी बोलत नसत. बोललेलं ऐकूच येत नाही तर बोलायचं कशाला, असा त्यांचा हिशेब. पण पीटीच्या बाईने 'बंब' म्हटलं की बहिऱ्यालाही ऐकू यायचं.

"कोण बंब म्हणालं?" बाबा दारात उभे.

मी ओरडून सगळं समजावलं. गुहा, ठेंगू, राक्षस, संच. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "पत्रा किती गेजचा?"

ड्राफ्ट्समनने नकाशा पुढे केला. बाबांनी तो लांब धरून, मग जवळ धरून पाहिला आणि सांगितलं की असला बंब पेटवला तर राक्षसाआधी पेटवणारा मरेल, कारण नळीचा सांधा बुडाशी भलत्याच जागी आहे. मग खाली बसले. गोष्टीतल्या ठेंगूंनी तो बंब एका दिवसात बनवला असं मी सांगितलं होतं, त्याला त्यांनी साफ हरकत घेतली.

"एका दिवसात? नुसतं मठारायलाच दोन दिवस लागतात. बारीक बारीक ठोके मारून सगळा पत्रा एकसारखा करायचा, मग तो चमकतो. तुझे ठेंगू चोर हायेत. कुणाचा तरी आणून स्वतःचा म्हणून सांगतायत."

माझ्या गोष्टीत कुणी चूक काढलेली मला आवडत नाही, पण पुढच्या रविवारी साडेनऊलाच बाबा दाढी करून, धुतलेला शर्ट घालून जागेवर बसलेले पाहिले आणि माझा राग कुठे गेला कळलं नाही. ते आमच्या टोळीत म्हातारा ठेंगू झाले. लढायचे नाहीत, नुसते हत्यारं तपासायचे. सोंगटी काढायला मात्र त्यांनी ठाम नकार दिला. "ठोका मारताना चिठ्ठी काढून मारतो का आपण? बसला तर बसला." मी, नियमाची एवढी कडक, पण त्यांच्यापुढे बोलले नाही.

आता इथे मला एक कबूल करायला हवं. तो संच मी शोधून काढला नव्हता. तो आमच्याच घरचा होता.

माझ्या आजोबांनी तो केला, चारही वस्तू, आणि प्रत्येकीच्या काठाखाली आपली खूण ठोकली, तीन टिंबं. सत्तरच्या दशकात आजोबा गेल्यावर बाबा आणि त्यांचे थोरले भाऊ वेगळे झाले. थोरल्यांना आम्ही सगळे तात्या म्हणायचो. भांड्यांच्या चिठ्ठ्या टाकल्या. बंब आणि तांब्या तात्यांकडे, घंगाळ आणि हंडा आमच्याकडे. असली वाटणी करणाऱ्या माणसांना काय म्हणावं! पण चिठ्ठीपुढे कोण बोलणार. सामान उचलायच्या दिवशी तांब्या सापडेना. पातेली पालथी घातली, माळा झाडला, तांब्या नाही. तात्यांनी चार माणसांदेखत बाबांना चोर म्हटलं. बाबांनी चार माणसांदेखत सांगितलं की तात्यांनी स्वतःच तो लपवलाय, मला बदनाम करायला. तात्या नाशिकरोडला जाऊन नोटांच्या प्रेसमध्ये लागले, हातोडा सुटला. आम्ही गंगापूर रोडच्या बाजूला दोन खोल्यांत आलो. शहर बसने तासाभराचं अंतर, अकरा वर्षांत दोघांनी ते ओलांडलं नाही. लग्नाकार्यात एकाच मांडवात बसले तर एक उत्तरेकडे बघायचा, एक दक्षिणेकडे. बहिरे असल्यामुळे न बोलणं दोघांनाही जड गेलं नसावं, असं मी तेव्हा चेष्टेने म्हणायची. खोटं होतं ते. भांडी बाजारात कुणी सहज 'तांब्या' म्हटलं तरी बाबांच्या मानेची शीर उडायची. चोर हा शब्द त्यांनी खाली ठेवलाच नव्हता.

आणि मी दीडशहाणी, त्याच संचाची गोष्ट त्यांच्यासमोर रंगवत बसले होते.

गोष्टीत टोळीकडे घंगाळ आणि हंडा आला. बंब पलीकडच्या डोंगरातल्या एका ठेंगूराजाकडे आहे असं मी सांगितलं होतं. तो त्यांनी वाटाघाटी करून राक्षसापुरता उसना आणला आणि काम झाल्यावर परतही केला, कारण उसनं म्हणजे उसनं. राहिला तांब्या. तो कुठे आहे ते माझं मलाच ठरत नव्हतं. बाबांचं मात्र ठरलेलं होतं.

"तो राजाकडेच हाय," म्हातारा ठेंगू दर रविवारी म्हणायचा. "लपवलाय त्यानं. जाऊन त्याची गुहा उलटी करा."

"पण काका, पुरावा काय?" ड्राफ्ट्समन ओरडायचा.

"मी सांगतो तोच पुरावा."

पीटीची बाई तर शिट्टी वाजायचीच वाट बघत होती. दोन रविवार मी त्यांना पुराच्या पाण्यात अडकवून ठेवलं. बाबांनी गोष्टीत का होईना भावावर चाल करून जावं, हे मला नको होतं. इतकं नको होतं की माझं मलाच आश्चर्य वाटलं. पण तांब्या राजाकडे नाही म्हटलं तर मग कुठे?

तिसऱ्या रविवारी गल्लीत स्टीलवाला आला. जुनं तांबं-पितळ द्या, नवं कोरं स्टील घ्या, अशी त्याची आरोळी. बाबांना ऐकू येत नव्हती म्हणून बरं, नाहीतर ते काठी घेऊन उठायचे. तांबटाच्या लेखी त्याच्याएवढा मोठा दुष्मन नाही. मी आरोळी ऐकली आणि मला उत्तर सापडलं.

"ऐका," मी म्हटलं, आवाज चढवून. "तांब्या राजाने लपवलेला नाही. दोन्ही ठेंगूंपैकी कुणीच लपवलेला नाही. डोंगराच्या पायथ्याशी एक मायावी फेरीवाला फिरतो. त्याच्या टोपलीत चकचकीत पांढरी भांडी असतात. ठेंगूंच्या घरच्या बायका वर्षानुवर्षं चिंच घेऊन तांबं घासून कंटाळलेल्या. तो त्यांना म्हणतो, एक छोटंसं काहीतरी द्या, कुणाच्या लक्षातही येणार नाही, आणि त्याबदल्यात…"

मला स्वतःलाच ही कल्पना फार आवडली. मी मान वर केली तेव्हा आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. हातात पोह्यांच्या बश्या. स्टीलच्या, सहा होत्या घरात, दर रविवारी आम्ही त्यांतच खायचो.

तिने बश्या खाली ठेवल्या आणि स्वतःही खाली बसली. आई कधी आमच्यात बसायची नाही.

"तुला कुणी सांगितलं?" ती मला म्हणाली.

"काय?"

"तो तांब्या मीच दिला होता. स्टीलवाल्याला. या सहा बश्यांना."

होमिओपॅथला वाटलं, काकू खेळात आल्या. त्याने सोंगट्यांची पिशवी तिच्यापुढे धरली आणि म्हणाला, "काकू, आकडा काढा, खरं बोलताय की नाही ते कळेल." ड्राफ्ट्समनने त्याला कोपर मारलं.

आई खालच्या आवाजात सांगत होती. वाटणीच्या आधी आठ दिवस. घरात येणंजाणं चालू होतं, पाहुण्यांपुढे पोचे पडलेल्या पितळ्या ठेवायची तिला लाज वाटायची. स्टीलवाल्याने छोटं काहीतरी मागितलं. चिठ्ठ्या पडतील, त्यात तांब्याचं नाव निघेल, हे तिला कुठे माहीत होतं? चोर शब्द निघाला तेव्हा ती बोलायला उठली होती, पण तांबटाच्या घरातून तांबं देऊन स्टील घेतलं हे तांबटांच्या पंचवीस माणसांपुढे कसं सांगायचं? मग एक दिवस गेला, मग एक महिना गेला. मग सांगायची वेळच निघून गेली.

तेवढ्यात बाबा म्हणाले, "काय म्हणतेय ती?"

त्यांना एक अक्षर ऐकू गेलं नव्हतं.

आई पोह्यांच्या बश्या सरळ करायला लागली. इतक्या वर्षांत शेवटचा शब्द माझा नसावा असं मला पहिल्यांदाच वाटलं. बाबा एकेकाकडे बघत होते. शेवटी पीटीच्या बाईला ते सहन झालं नाही. आज्ञा एकदा ऐकू गेली नाही की मोठ्याने पुन्हा द्यायची, ही तिची सवय.

"काकू म्हणतात," ती ओरडली, "तांब्या त्यांनी दिला! स्टीलवाल्याला! सहा बश्यांना!"

समोरच्या बिऱ्हाडातला रेडिओ बंद झाला.

बाबांनी हात लांब करून एक बशी उचलली. पोहे दुसऱ्या बशीत ओतले. बशी उलटी करून बघितली, तळहातावर तोलली, अंगठ्याने काठ दाबला. काठ दबला.

"या?" ते म्हणाले. "सहा? त्या तांब्याला?" मग आईकडे बघून, "अगं, निदान पत्रा तरी बघायचा होतास."

आई रडायला लागली. बाबांनी बशी पुन्हा उलटी केली. मग एकदम म्हणाले, "म्हणजे तात्यानं लपवला नव्हता." थोड्या वेळाने पुन्हा तेच. "अकरा वर्षं मी त्याला लबाड म्हणत आलो."

ते उठले, चपला घातल्या आणि होमिओपॅथला म्हणाले, "ऊठ त्या घंगाळावरून."

आम्ही सहा जण, एक घंगाळ, एक हंडा, अशी वरात निघाली. घंगाळाच्या एका कडीला ड्राफ्ट्समन, दुसऱ्या कडीला पीटीची बाई. हंडा होमिओपॅथच्या कडेवर. आईने बश्या धुऊन पिशवीत घेतल्या होत्या, का ते कुणी विचारलं नाही. सीबीएस स्टँडला बस बदलताना कंडक्टर म्हणाला, घंगाळाचं अर्धं तिकीट लागेल. एरवी मी नियमाच्या बाजूने बोलले असते. त्या दिवशी मी त्याच्याशी द्वारका चौकापर्यंत भांडले आणि तिकीट काढलं नाही.

तात्या नाशिकरोडच्या कॉलनीत पहिल्या मजल्यावर राहायचे. जिन्यातूनच मला त्यांच्या गॅलरीत काहीतरी लाल चमकताना दिसलं. बंब होता. त्यावर धुळीचा कण नव्हता. नंतर काकूने, म्हणजे तात्यांच्या बायकोने, सांगितलं की ते दर आठवड्याला चिंच लावून तो घासतात, पेटवत मात्र नाहीत. घंगाळाशिवाय कसला बंब, म्हणतात आणि प्लास्टिकच्या बादलीत पाणी तापवायचा विजेचा दांडा सोडून आंघोळ करतात.

दार तात्यांनीच उघडलं. दोघं भाऊ समोरासमोर. आता कुठे बघावं ते दोघांनाही सुचेना, कारण उत्तर-दक्षिण दोन्हीकडे जिन्याच्या भिंती होत्या.

"तांब्या मी दिला," बाबा म्हणाले.

मी चमकून आईकडे पाहिलं.

"काय?" तात्यांनी कानामागे हात धरला. त्यांचेही कान त्याच ठोक्यांनी गेले होते.

"तांब्या!" बाबा ओरडले. "मी दिला! स्टीलवाल्याला! मी!"

खाली दोन खिडक्या उघडल्या. समोरच्या गॅलरीत कपडे वाळत घालणारी बाई थांबली. ज्या माणसाने जन्मभर स्टीलच्या पेल्यातून पाणी पिताना तोंड वाकडं केलं, तो भर कॉलनीत ओरडून सांगत होता की मी तांबं देऊन स्टील घेतलं. मला त्यांचा अभिमान वाटला आणि तेवढंच वाईटही वाटलं.

तात्यांनी त्यांना खालपासून वरपर्यंत पाहिलं.

"खोटं!" ते ओरडले. "तू? तांबं देऊन स्टील? हात झडले असते तुझे! अजून खोटं बोलता येत नाय तुला!"

आईने डोक्यावरचा पदर पुढे ओढला. थोरल्या दिरांशी ती उभ्या आयुष्यात थेट बोलली नव्हती. काही सांगायचं तर काकूला सांगायचं, ती पुढे सांगायची, अशी रीत. ती बाबांच्या पुढे आली आणि पिशवी जमिनीवर ठेवली.

"मी दिला, तात्या!" माझ्या आईचा एवढा आवाज मी ना आधी ऐकला, ना नंतर. "यांना माहीतच नव्हतं! मी दिला, या सहा बश्यांना!"

तात्यांनी वाकून एक बशी काढली. उलटी केली, तळहातावर तोलली, अंगठ्याने काठ दाबला. अगदी तस्सं.

"लय पातळ," तात्या म्हणाले.

"तेच म्हटलं मी!" बाबा म्हणाले.

अकरा वर्षांनी दोघांचं एका गोष्टीवर एकमत झालं होतं. तात्यांनी विचारलं, "मी चोर म्हटलं होतं ना तुला?"

"म्हटलं होतं."

"चारचौघांत?"

"चारचौघांत."

तात्या वळले, गॅलरीत गेले, कठड्याला धरून खाली वाकले आणि सगळ्या कॉलनीला ओरडून सांगितलं, "ऐकलं का सगळ्यांनी! माझा भाऊ चोर नव्हता!"

कॉलनीला मुळात त्यांना भाऊ आहे हेच माहीत नव्हतं. खालून कुणीतरी नम्रपणे "बरं, बरं" म्हटलं. बाबा दारात तसेच उभे होते, चपला न काढता, आणि शर्टाच्या बाहीने डोळे पुसत होते.

पुढचं सगळं धुरात झालं. तात्यांनी बंब पेटवायचा हट्ट धरला. बंबफोड कुठून आणणार, म्हणून काकूने मोडकं स्टूल दिलं. घंगाळ न्हाणीघरात जेमतेम मावलं, ड्राफ्ट्समनने माप घेऊन तिरकं करून घुसवलं. हंडा भरला. काकूने त्याच सहा बश्यांत चिवडा दिला. आई एक शब्द न बोलता खात होती, पण खात होती. बंबाच्या तोटीतून वाफाळतं पाणी पडायला लागलं तेव्हा भर दुपारचा एक वाजला होता.

पहिली आंघोळ थोरल्याची, हे आमच्या घरात सांगावं लागत नाही. तात्यांनी टॉवेल घेतला, न्हाणीच्या दारापर्यंत गेले आणि तो बाबांच्या खांद्यावर टाकला.

"तू जा आधी," ते म्हणाले.

बाबा आत गेले. दार लागलं. घंगाळाच्या कडीचा आवाज आला आणि मग पाणी ओतल्याचा. ओतायला आत प्लास्टिकचा निळा मग होता, दुसरं काही नव्हतं.

माझी टोळी गॅलरीत धुराने डोळे चोळत उभी होती. होमिओपॅथ हळूच माझ्याजवळ सरकला. त्याला या खेळात माझ्याकडून एकदाही सूट मिळाली नव्हती.

"तांब्या नाही," तो म्हणाला. "नियमाने संच पुरा झाला नाही ना?"

आतून पुन्हा पाणी ओतल्याचा आवाज आला.

"झाला," मी म्हटलं. "तांब्याऐवजी मग धरला."